आजचं चिंतन : खाऊचे पैसे (गीता १७, श्लोक २० ते २२)



आजचे श्लोक भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातले, २० ते २२. आहार, यज्ञ आणि तप यांचे तीन-तीन प्रकार गेल्या काही दिवसांत पाहून झाले. आज दानाची पाळी.

आधी सरळ अर्थ. द्यायला हवं म्हणून दिलेलं, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला दिलेलं, जागा, वेळ आणि माणूस पाहून दिलेलं दान सात्त्विक. उलट काही मिळावं म्हणून, फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर आल्यासारखं दिलेलं ते राजस. आणि भलत्या जागी, भलत्या वेळी, भलत्याला, मान न ठेवता, हिडीसफिडीस करत दिलेलं ते तामस.

दान म्हटलं की आपल्याला देवळातली पेटी, अन्नछत्र, फार तर पावतीपुस्तक घेऊन दारात आलेलं मंडळ आठवतं. मला मात्र या खेपेला हे तीन श्लोक वाचताना वेगळाच प्रश्न समोर दिसत होता, कारण तो सध्या आमच्या दोन घरांत चालू आहे. एक आमचं पुण्यातलं, दुसरं माझ्या ताईचं धुळ्यातलं. मुलांच्या हातात दर आठवड्याला खाऊचे पैसे द्यायचे का? द्यायचे तर किती? आमची लेक नऊ वर्षांची आहे. तिच्या बाबतीत घाई नाही. ताईचा मुलगा तेराचा आहे आणि तिथे गोष्ट जरा पुढे गेली आहे.

झालं असं, की दिवाळीनंतर ताईला कळलं की पोराने वर्गातल्या दोन मुलांकडून मिळून सहाशे रुपये उसने घेतलेत. व्यसन नाही, जुगार नाही. टर्फवर क्रिकेट खेळायला जायचं तर प्रत्येकाने वर्गणी काढायची, कुणाचा वाढदिवस असला की पन्नास-पन्नास जमवायचे, असलं काहीबाही. नाही म्हणायची लाज आणि घरी मागायचीही लाज. त्यात गंमत अशी की त्या घरात पोराला कशाचीच कमी नाही. सायकल आहे, बूट आहेत, क्लासची फी वेळेवर जाते. मागितलं ते मिळतं. फक्त प्रत्येक वेळी मागावं लागतं आणि कशाला, कुणाबरोबर, मागच्या वेळचे कुठे गेले, या तिन्हींची उत्तरं द्यावी लागतात. ताई म्हणाली, "काय कमी केलं रे आम्ही त्याला?" भाऊजी म्हणाले, "आता एक रुपया हातात देणार नाही." आणि फोन माझ्याकडे आला, कारण घरात गीता वाचणारा मी एकटा, म्हणजे उत्तरं माझ्याकडे असणार असा सगळ्यांचा समज.

उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण धुळ्याचा विषय निघाला आणि सतरावा अध्याय समोर उघडा होता, म्हणून विनोबा आठवले.

बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी पुन्हा सांगतो. विनोबांची 'गीता प्रवचने' ही धुळ्याच्या तुरुंगातली. २१ फेब्रुवारी १९३२ च्या रविवारी पहिलं प्रवचन झालं आणि दर रविवारी एक अध्याय असं करत १९ जूनला अठरावा संपला. म्हणजे आजचा हा सतरावा अध्याय धुळ्यात १२ जून १९३२ ला सांगितला गेला. ऐकणारे सगळे सत्याग्रही कैदी. त्यांच्यातच अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली नोकरी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी होते. त्यांनी ते बोलणं तिथल्या तिथे लिहून घेतलं, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतं. लोकांना हे पुस्तक माहीत असतं, पण ते खान्देशातलं आहे हे धुळ्याच्या मुलांनाही कधी कधी सांगावं लागतं.

त्या प्रवचनातल्या दोन गोष्टी आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतात. पहिली म्हणजे विनोबा सुरुवातच अशा आशयाने करतात की वागणं बांधलेलं असलं की मन मोकळं राहतं. दिनचर्या ठरलेली असली की रोज नव्याने ठरवण्यात जीव जात नाही. दुसरी म्हणजे दानाची त्यांची व्याख्या. माणूस जन्माला येतो तो सृष्टी, समाज आणि शरीर या तिघांच्या आधारावर, आणि तिघांनाही आपण वापरून झिजवत असतो. सृष्टीची झीज भरून काढायची ते यज्ञ, शरीराची शुद्धी ते तप, आणि समाजाचं आपल्यावर जे ऋण आहे ते फेडायचं म्हणजे दान. हा मुद्दा नीट धरा. विनोबांच्या लेखी दान म्हणजे उपकार नाही. ज्याचं त्याला पोचतं करणं, एवढंच.

आता कुणी म्हणेल, स्वतःच्या पोराला दहा रुपये देणं याला दान कसं म्हणायचं? बरोबर आहे, नाहीच म्हणता येत. उलट आपल्या परंपरेत मूल दान घेणारं नसतंच, ते वाटेकरी असतं. याज्ञवल्क्य स्मृतीवरची विज्ञानेश्वरांची 'मिताक्षरा' टीका, जिच्यावर महाराष्ट्रातला हिंदू वारसा कायदा पिढ्यान् पिढ्या चालला, ती सांगते की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा वाटा जन्मतःच असतो. बापाने मरताना द्यावा म्हणून नाही, जन्मला म्हणून. मुलींना हा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला. (लेकीला हे एवढ्यात सांगणार नाही. सोमवारी सकाळी सातबारा मागेल.)

पण म्हणूनच हे श्लोक इथे कामाचे आहेत. परक्याला देताना जर गीता एवढी अट घालते की मान ठेवून दे, परतफेडीवर डोळा ठेवू नकोस, त्रागा करून देऊ नकोस, तर जो घरचा वाटेकरीच आहे त्याला देताना ती अट सैल कशी होईल? आणि आपल्या घरांत नेमकं उलटं दिसतं. देवळात शंभरची नोट हात जोडून टाकतो. पोराला वीस रुपये देताना व्याख्यान देतो.

राजस देणं कसं दिसतं ते घरोघरी पाहायला मिळेल. नव्वद टक्के आण, पाचशे देतो. पाहुण्यांसमोर श्लोक म्हण, दहा रुपये घे. ज्ञानेश्वर महाराजांनी राजस दानाला जे दाखले दिलेत ते फार मार्मिक आहेत. दुधावर नजर ठेवून गाईला चारा घालावा, किंवा आहेराकडे डोळा ठेवून सोयऱ्याला आमंत्रण द्यावं, तसं हे देणं. चारा खराच असतो, आमंत्रणही खरं असतं. पण गाईलाही कळत असावं. पोराला तर नक्की कळतं. मार्कांवर पैसे लावले की तो दोन गोष्टी शिकतो. अभ्यास हे विकायचं काम आहे, आणि बाबा हे गिऱ्हाईक आहेत. मग एके दिवशी तो भाव वाढवून मागतो, तेव्हा आपल्याला राग येतो.

तामस देणं ओळखायला जास्त सोपं आणि मान्य करायला जास्त अवघड. ऑफिसचा कॉल चालू आहे, पोर खांद्याशी भुणभुण करतंय, 'घे आणि जा' म्हणून नोट हातात कोंबली. देश चुकला, काल चुकला आणि मान तर नव्हताच. रक्कम मोठी असली तरी देणं तामसच. भाऊजींच्या घरी तिन्ही प्रश्न विचारून जे दिलं जातं तेही, भाऊजी रागावणार नसतील तर म्हणतो, त्याच्याच शेजारचं. पैसा मिळतो, पण मिळेपर्यंत पोर खालमानेने उभं असतं. त्यापेक्षा मित्राकडून उसने घेणं त्याला हलकं वाटलं, यात नवल काय? मित्राने 'कशाला' असं विचारलं नाही.

इथे साने गुरुजी पुन्हा येतात. धुळ्यात विनोबांचा शब्द न् शब्द टिपून घेणाऱ्या याच माणसाने पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यातला एक प्रसंग लहानपणी मला अजिबात आवडायचा नाही, कारण त्यात श्याम चोरी करतो. वाईट नादासाठी करत नाही. मोठं व्हायचं तर पुस्तकं वाचायला हवीत, पुस्तकासाठी पैसे नाहीत, म्हणून पाहुण्याच्या पैशांना हात लावतो. हवं ते चांगलंच होतं. हातात स्वतःचं असं काही नव्हतं. त्या घरात दारिद्र्य होतं, देणार कुठून? आपल्या घरांत दारिद्र्य नाही, आणि तरी मुलाच्या हातात 'स्वतःचं' असं काही नसू शकतं. ताईला मी हा प्रसंग फोनवर आठवून दिला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

बरं, मग सात्त्विक देणं या प्रश्नात कसं दिसेल?

काल, म्हणजे वेळ, हा भाग आपल्या खान्देशात समजावून सांगणं सोपं आहे. सालदाराचं वर्ष आखाजीला बदलतं. अक्षय्य तृतीयेला जुन्या सालाचा हिशेब मिटतो, नव्या सालाची रक्कम ठरते, धान्य ठरतं, मग वर्षभर रोज उठून त्यावर घासाघीस नाही. (सालदारकीत अन्याय नव्हता असं मी म्हणत नाही. उचल घेऊन पिढी न् पिढी अडकलेली माणसं याच गावांत होती. फक्त ठरल्या दिवसाची गोष्ट घेतोय.) दिवस ठरला की मागणाऱ्याला मान झुकवावी लागत नाही आणि देणाऱ्याला रोज न्यायाधीश व्हावं लागत नाही. विनोबा म्हणतात ते बांधलेलं वागणं हेच. रविवार म्हणजे रविवार. मूल त्या आठवड्यात भांडलं, चाचणीत कमी पडलं, उलट बोललं, तरी रविवार. शिस्त लावायची तर ती दुसरीकडे लावा. मला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. ज्या घरात शिक्षा म्हणून खाऊचे पैसे कापले जातात तिथे तो वाटा राहत नाही, बक्षीस होतो, आणि श्लोक २० वरून आपण गुपचूप २१ वर उतरतो.

देश म्हणजे जागा. दुकानात नाही, पाहुण्यांसमोर नाही. घरात, शक्यतो देवापुढे दिवा लागल्यावर. हे मी भाविकपणा म्हणून सांगतो असं समजा हवं तर, पण त्याचा उपयोगही आहे. देवापुढे बसून टोमणा मारायला जीभ जरा अडखळते.

पात्र हा शब्द मात्र अवघड आहे. बरेच आईबाप इथेच अडकतात. 'अजून त्याला अक्कल नाही, आल्यावर देऊ.' विनोबांच्या लहानपणाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. दारात एक चांगला धडधाकट भिकारी आला आणि आईने त्याला भिक्षा घातली. विन्याने हरकत घेतली की अशांना दिलं तर आळस वाढतो, आणि वर गीतेतल्या या देश-काल-पात्राचा आधार दिला. आईचं म्हणणं असं की पात्र कोण, अपात्र कोण हे पारखणारे आपण कोण? दारात आला त्याला देव समजावं आणि आपल्याला जमेल ते द्यावं. विनोबा नंतर सांगत, की आईच्या या म्हणण्याला तोडीस तोड उत्तर आपल्याला कधी सुचलं नाही.

मलाही सुचत नाही. पण मुलांच्या बाबतीत एक फरक दिसतो. भिकाऱ्याची पात्रता आपण घडवत नाही, मुलाची घडवतो, आणि ती घडते पैसे हाताळूनच. पोहायला आल्यावर विहिरीत उतरू म्हणणारा आयुष्यभर काठावर बसतो. आपल्याकडे मुलांना पोहायला शिकवताना पाठीला वाळलेला भोपळा बांधत. पाण्यात उतरवायचे, पण भोपळा बांधून. लहान रक्कम हा तो भोपळा. पाच-सहा वर्षांच्या पोराला नाणी मोजता येत असतील तर आठवड्याला दहा रुपयेही पुरे. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँकेने घातलेल्या मर्यादेत स्वतःच्या सहीने बचत खातं चालवायची परवानगी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. म्हणजे सरकारी यंत्रणेचाही दहा वर्षांच्या मुलावर आपल्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

किती द्यायचे हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो वाटतो तितका मोठा नाही. आम्ही घरी एक महिना नुसतं लिहून ठेवलं, की लेकीच्या हौसेवर आपण काय खर्च करतो. शाळेची वही-पेन नाही, फळं-दूध नाही. स्टिकर, चॉकलेट, त्या प्लास्टिकच्या बांगड्या, जत्रेतलं काहीतरी, मॉलमधलं 'बाबा प्लीज'. बेरीज साधारण तीनशेच्या पुढे गेली. म्हणजे पैसे आपण देतच होतो, निर्णय तेवढा आपल्याकडे ठेवला होता. आता आठवड्याला पन्नास ठरवले आहेत, आणि त्या यादीतलं काहीही आम्ही घेऊन देणार नाही. नवीन पैसा एकही नाही. शेजारच्या घरात दोनशे देतात, वरच्या मजल्यावर पाचशे. असू दे. अंथरूण प्रत्येकाचं वेगळं, आणि मुलांना हे नऊ वर्षांचं असताना कळलेलं बरं, एकोणतिसाव्या वर्षी कर्जाच्या हप्त्यातून कळण्यापेक्षा.

पैसे रोख द्यायचे की फोनवर, यावर आमच्या मित्रांत बराच वाद आहे. एनपीसीआयने २०२४ मध्ये 'यूपीआय सर्कल' आणलं. आपल्या खात्यातून घरच्या दुसऱ्या माणसाला खर्च करू देता येतो. एक तर महिन्याला पंधरा हजारांपर्यंतची मर्यादा घालून, किंवा प्रत्येक वेळी आपण मंजुरी देऊन. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, तरी सांगतो, लहान मुलांना नाणी द्या. मंजुरीचा पर्याय म्हणजे पुन्हा खालमानेने मागणंच, फक्त स्क्रीनवर. आणि स्क्रीनवरचा पैसा कमी होताना दिसत नाही. मातीच्या गल्ल्यातला खुळखुळाट कमी झालेला कानाला कळतो. तेराच्या पोराचं वेगळं. त्याचे सगळे मित्र फोनवरून देतात, त्याला खातं उघडून देणं शहाणपणाचं. ताईला मी तेच सुचवलं.

घरकामाचे पैसे द्यावेत का? ताट उचललं दोन रुपये, अंथरूण घातलं पाच रुपये, अशी यादी फ्रिजवर लावलेली मी पाहिली आहे. श्लोकातला परतफेडीचा मुद्दा इथे लावून पाहा. घरातलं काम हे वाटेकऱ्याचं काम आहे, सालदाराचं नाही. वाटेकऱ्याला खळ्यातला वाटा मिळतो आणि खळं झाडायला तो स्वतःहून येतो. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण एकीच्या बदल्यात दुसरी नाही.

हे लिहिताना मात्र एक मित्र डोळ्यांसमोर येतो. जळगाव जिल्ह्यातलाच, माझ्याबरोबर इंजिनिअरिंगला होता. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही किल्ले करायचो तेव्हा तो आईबरोबर लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायचा. वेचणीचे पैसे किलोवर. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघतात, हे ज्याने वेचलाय त्यालाच माहीत. त्याची मजुरी आईच्या हातात जायची आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी आई त्यातले दोन रुपये त्याच्या हातावर ठेवायची. "हे तुझे," म्हणायची. सगळेच त्याचे होते खरं तर. पण ते दोन रुपये कशाला, कुठे, असं तिने कधी विचारलं नाही. तो म्हणतो, पुढे पहिला पगार झाला तेव्हाही 'हे माझे' असं इतकं स्वच्छ वाटलं नव्हतं. त्या माउलीने सतरावा अध्याय वाचलेला नव्हता. सगळी ओढाताण असतानाही पोराचा वाटा वेगळा काढून, मान ठेवून दिला. मला या श्लोकाचं यापेक्षा चांगलं भाष्य माहीत नाही.

आता खरा कठीण भाग. दिल्यानंतर काय?

आमचे आजोबा, आप्पा, अमळनेर तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीला रथ, पुनवेला पालखी. यात्रेला आप्पा माझ्या वडिलांना, नानांना, पैसे द्यायचे. पण यात्रेच्या आधी येते आखाजी. खान्देशातल्या लोकांना सांगायला नको, आखाजीला पोरीबाळी झोके खेळतात, घरोघरी घागर भरली जाते, आमरस-पुरणपोळी होते आणि गल्लोगल्ली पत्ते रंगतात, पैसे लावून. एका वर्षी नानांनी हट्टाने यात्रेचे पैसे आखाजीलाच मागून घेतले आणि सगळे पत्त्यांत घालवले. आजी म्हणाली, लेकरू यात्रेला मोकळ्या हाताने कसं जाईल, अजून दोन रुपये द्या. आप्पांनी दिले नाहीत. आणि नानांना एका शब्दानेही बोलले नाहीत. आजी त्यावर चिडली तेव्हा म्हणाले, "दिधा ना? मंग इसरी जाय." दिले ना, मग विसर. नाना त्या वर्षी यात्रेत दिवसभर फिरले आणि पाळण्याकडे बघत उभे राहिले. आज सत्तरीला आले तरी पत्त्यांना हात लावत नाहीत. कुणी शिकवलं म्हणून नाही.

तुकोबांनी गृहस्थाला धन चांगल्या व्यवहाराने जोडायला आणि 'उदास' मनाने खर्चायला सांगितलं आहे. उदास म्हणजे तोंड पाडून नाही, अडकून न राहता. देण्यालाही तेच लागू. दिल्यावर पुन्हा भरपाई नाही आणि चौकशीही नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र पाळणं हे आप्पांचं तप होतं असं मला वाटतं. आपल्यातले बरेच जण नेमकं उलटं करतात. हजार प्रश्न विचारतो आणि शेवटी अजून शंभर देतो.

अर्थात 'विसर' याला कुंपण आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी घातली. गल्लीतल्या पत्त्यांत यात्रेचे पैसे जातात, फोनमधल्या पत्त्यांत लोकांची शेतं गेली. ते पाळण्याकडे बघून शिकायचं प्रकरण नाही. तसंच तंबाखू-गुटखा, तसंच कर्ज. तिथे आईबापाने मध्ये पडायचं, आणि पैशांवरून नाही, मुलावरून पडायचं.

एका गोष्टीत माझं मत आपल्या सत्संगातल्या बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. खर्चाचा, बचतीचा आणि दानाचा असे तीन डबे करून दिलेल्या पैशांतला ठरावीक भाग मुलाने दानाच्या डब्यात टाकलाच पाहिजे, ही पद्धत आता खूप घरांत आहे. हेतू चांगला. पण सक्तीने काढलेलं दान हे श्लोक २१ मधलं, जिवावर आलेलं. कठोपनिषदातला नचिकेता आठवा. बाप यज्ञात गाई दान देत होता आणि त्या गाई म्हाताऱ्या, आटलेल्या होत्या. हे कुणी पाहिलं? ऋत्विजांनी काही म्हटल्याचं ऐकिवात नाही. पोराने पाहिलं आणि पोरानेच विचारलं. आपण कामवाल्या मावशींना दिवाळीत काय देतो, रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून कसं बोलतो, मुक्ताईच्या पालखीला कोथळीहून निघताना किती मनाने काही देतो, हे सगळं मुलं बघतातच. त्यासाठी तिसरा डबा लागत नाही.

धुळ्याचं सांगतो. मागच्या रविवारी ताई, भाऊजी आणि पोरगा असे तिघं बसले. मी फोनवर होतो. आठवड्याला दीडशे ठरले. वर्गणी, वाढदिवस, वडापाव, सगळं त्यातच. सहाशेची उधारी ताई एकरकमी फेडून टाकायला निघाली होती, आईच ती. भाऊजींनी अडवलं, आणि या वेळी भाऊजी बरोबर होते. उधारी पोरगा फेडणार, आठवड्याला पन्नास, बारा आठवडे. दोन्ही मित्रांना हे त्याने स्वतः जाऊन सांगायचं. आमच्याकडून अट एकच, 'कशाला' हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. त्यावर पोरगा पहिल्यांदा वर बघून म्हणाला, "मामा, आणि मी सांगितलं तर चालेल?"

पहिला हप्ता गेला. अकरा राहिलेत. भाऊजींना रोज संध्याकाळी विचारायचा मोह होतो म्हणे. मी त्यांना श्लोक २० चा अर्थ पाठवला आहे, वाचला की नाही माहीत नाही.

उद्या श्लोक २३, ॐ तत् सत्.

राम कृष्ण हरी.